काखेतील गाठ आणि ‘सौंदर्या’चा शिक्का

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी स्त्री-कामगारांचे दोन दिवसांचे शिबिर भरले होते. किमान वेतन, पाळणाघर, रात्रपाळीनंतर घरी पोचविण्याची सोय हे विषय यथासांग चर्चिले गेले, ठराव झाले, आणि शेवटी अध्यक्षबाईंनी रीतीप्रमाणे विचारले, “आणखी कोणाला काही बोलायचं आहे का?” तेव्हा तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या मशिनवर बसणारी एक पस्तिशीची बाई उठली. ती म्हणाली, “बाई, धाकट्याच्या बाळंतपणात माझ्या काखेला दूध चढलं. तो आता नऊ वर्षांचा झाला, तरी गाठ गेली नाही. दर महिन्याला ठणकते. हात वर केला की कळ येते. हा आजार आहे, की माझंच काही चुकलं, एवढं तरी कोणी सांगाल का?” मांडवात क्षणभर शांतता पसरली. मागच्या बाजूस कोणी तरी हसले. दाराशी उभे असलेले दोन-तीन पुरुष कार्यकर्ते पाय न वाजविता बाहेर गेले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “ताई, हे आपण खाजगीत बोलू,” आणि आभारप्रदर्शन सुरू झाले.

आम्ही त्या मांडवात होतो आणि आम्हीही गप्प बसलो. या लेखाचा आरंभ त्या कबुलीनेच केला पाहिजे. ज्या चळवळीला कामगार स्त्रीच्या मजुरीचा हिशेब पैशापर्यंत मांडता येतो, तिला त्याच स्त्रीच्या काखेतील दुखण्याचे नाव उच्चारता येत नसेल, तर तिच्या ठरावांतील ‘आरोग्याचा हक्क’ हे शब्द पोकळ ठरतात. त्या रात्री जेवणाच्या पंगतीत आणखी दोघी तिच्याजवळ सरकून बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “मलाही आहे.” सभेत जे बोलता आले नाही ते पंगतीत बोलले गेले. आपल्या स्त्रियांच्या शरीराचा सारा इतिहास असा पंगतीत, पाणवठ्यावर आणि बाळंतिणीच्या खोलीत कुजबुजत आलेला आहे.

त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर होते, आणि तेही सोपे होते. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना काखेपासून जांघेपर्यंत त्वचेची एक जाडसर रेघ उमटते. तिला दुग्धरेषा म्हणतात. कुत्री, मांजर, डुकरीण यांच्या पोटावर स्तनांची जी ओळ दिसते ती याच रेषेवर तयार झालेली असते. माणसात छातीवरचा भाग तेवढा टिकतो आणि उरलेली रेषा जन्मापूर्वीच विरून जाते. काही जणांत ती पुरती विरत नाही. मागे राहिलेल्या तुकड्यातून स्तनाची जास्तीची ऊती तयार होते, आणि अशी ऊती सर्वांत अधिक वेळा काखेत आढळते. कधी तिच्यावर स्तनाग्र असते, बहुधा नसते. मूळ स्तनाचेच एक शेपूट काखेकडे गेलेले असते, त्याहून ही निराळी. फिनलंडमधील शरीरशास्त्रज्ञ कायावा यांनी १९१५ साली या अतिरिक्त ऊतीचे आठ प्रकार लावून दिले. वैद्यकीय ग्रंथांत स्त्रियांतील तिचे प्रमाण देशोदेशी निरनिराळे, सुमारे अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत, दिलेले आढळते. पुरुषांतही ती क्वचित दिसते. शंभरात एक एवढेच प्रमाण धरले, तरी हजार स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यात अशा दहा जणी निघतील.

ही ऊती छातीवरील स्तनासारखीच वागते, कारण ती स्तनच आहे. लहानपणी ती निपचित असते. मुलगी वयात आली की किंचित फुगते. पाळीच्या आधी ठणकते, पाळी येऊन गेली की सैल पडते. गरोदरपणात वाढते. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत दूध भरते तेव्हा तिच्यातही भरते, आणि दुधाला बाहेर पडावयास वाट नसल्यामुळे काखेत दगडासारखी गाठ येते. अनेकींना या वेळीच तिची प्रथम ओळख होते. शेकले, चोळले, दाबून दूध काढू पाहिले, तर शरीराला अधिक दूध तयार करण्याचीच खूण मिळते आणि वेदना वाढते. थंड पाण्याची घडी ठेवावी, डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी घ्यावी, आणि बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहावे, एवढ्याने बहुधा काही दिवसांत ताण उतरतो. एवढे वाक्य प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लिहिले असते, तर त्या बाईची नऊ वर्षे वाचली असती.

‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. या प्रश्नाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. ज्ञान शंभरांहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकात पडून आहे, आणि ते जिला हवे ती बाई दारोदार फिरते आहे. तिने घातलेला वळसा आम्ही पुढे तिच्याकडूनच ऐकला. प्रसूतीच्या चौथ्या दिवशी सासूबाईंनी गाठ पाहून ‘काखमांजरी’ म्हणून निदान केले आणि गरम पोटीस बांधले. शेजारणीने बिब्बा घातला. त्याने कातडी भाजली, फोड आले, ताप भरला. त्यानंतर तीन वर्षे तिने ती जागा कोणाला दाखविलीच नाही, कारण गावातील दवाखान्यात डॉक्टर पुरुष होते. पुढे दुखणे असह्य झाल्यावर ती गेली, तेव्हा एकाने क्षयाच्या गाठी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. काखेतील लसिकाग्रंथी क्षयाने सुजतात हे खरे आहे, आणि आपल्या देशात तशी शंका घेणे चुकीचेही नाही. परंतु सुईने चार पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता सहा महिने औषधे देणे ही शंका नव्हे, आळस आहे. दुसऱ्याने चरबीची गाठ म्हणून भूल देऊन छेद घेतला, थोडे काढले, थोडे राहिले. जखम भरेपर्यंत पंधरा दिवसांचा रोज बुडाला. पुढच्या पाळीला गाठ पुन्हा ठणकू लागली, तेव्हा नवरा म्हणाला, “तुझ्या नशिबातच आहे.”

डॉक्टरला दाखविण्याची ही लाज आजची नाही. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशींनी भरसभेत सांगितले होते की, आपल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि म्हणून मी अमेरिकेस जाते. त्यांनी १८८६ साली पदवी मिळविली, आणि १८८७ साली, रुग्णसेवेस आरंभ होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्या भाषणाला एकशे चाळीस वर्षे उलटली. आज स्त्री-डॉक्टर हजारोंनी आहेत. तरीही तालुक्यातील कामकरी बाई काखेतील गाठ तीन वर्षे पदराखाली झाकते. डॉक्टरांची संख्या वाढली, पण तपासणीच्या खोलीला पडदा आला नाही, बरोबर उभी राहणारी परिचारिका आली नाही, आणि ‘काय होतंय ते सांग बाई’ असे विचारणारा सवडीचा क्षणही आला नाही.

या गाठीसह जगणे म्हणजे काय, हे आरामखुर्चीतून कळणार नाही. ज्याला दिवसभर हात अंगालगत ठेवून काम करता येते, त्याच्या लेखी ती क्षुल्लक आहे. पण डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढणाऱ्या बाईचा एक हात सतत वर असतो. उसाची मोळी उचलणारी, एसटीत दांडीला धरून तिकिटे फाडणारी, वाकून भात लावणारी, शिलाईच्या मशिनवर आठ तास कोपर पुढे-मागे करणारी, या सगळ्यांची काख दिवसभर राबत असते. गाठीवर कातडी घासते, घाम साचतो, पुरळ उठते, नायटा होतो. ब्लाउजची बाही काखेत काचते. शिंप्याला माप देताना काय सांगावे हे कळत नाही, म्हणून बाई जुन्याच ब्लाउजला काखेखाली तुकडा जोडून घालते. गणवेश सक्तीचा असेल तर तीही सोय नाही. लग्न ठरावयाच्या मुलीची आई ती गोष्ट लपविते, आणि मुलगी उन्हाळ्यातही हात अंगाला चिकटवून चालते. यांपैकी कशानेही मृत्यू येत नाही. आपल्याकडे स्त्रीचे दुखणे मोजण्याचा पहिला निकष मात्र हाच असतो, की ते अजून मारत नाही ना? मग चालू द्या.

माणसांनी या ऊतीचे अर्थ लावण्यात कधी कसूर केलेली नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात चेटकिणींचे खटले चालत, तेव्हा आरोपी स्त्रियांना विवस्त्र करून अंगावर जास्तीचे स्तनाग्र आहे का ते शोधीत. सापडले की तो सैतानाला पाजल्याचा पुरावा ठरे. आपल्याकडे मदुरेच्या मीनाक्षीच्या कथेत राजकन्या तीन स्तनांसह जन्माला येते, आणि भावी पतीचे दर्शन होताच तिसरा स्तन नाहीसा होतो. एका ठिकाणी ती खूण म्हणजे गुन्हा ठरली, दुसऱ्या ठिकाणी पती भेटेपर्यंतचे न्यून. दोन्हीकडे त्या शरीराचा अर्थ दुसऱ्यानेच लावला. आज न्यायाधीश बदलले आहेत एवढेच. आज तो अर्थ विमा कंपनीच्या मंजुरी विभागात लावला जातो, आणि तेथील शब्द आहे ‘सौंदर्यवर्धक’.

शिबिरानंतर दोन कार्यकर्त्या त्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, आणि नऊ वर्षांनी गाठीला तिचे खरे नाव मिळाले. गाठ निरुपद्रवी होती, परंतु दुखणे, आधीच्या छेदाने झालेली गुंतागुंत आणि हाताची हालचाल पाहता ती काढणे योग्य, असे तेथील शल्यविशारदांनी सांगितले. शस्त्रक्रियेच्या यादीत मात्र नंबर काही महिन्यांनंतरचा होता. बाईचे स्वतःचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसून ठेकेदाराच्या वहीत, त्यामुळे राज्य कामगार विम्याचे कार्ड नाही. नवऱ्याच्या कंपनीत मात्र सामूहिक विमा होता. म्हणून एका खाजगी रुग्णालयातून मंजुरीसाठी अर्ज गेला, आणि दोन दिवसांत एका ओळीचे उत्तर आले: उपचार सौंदर्यवर्धक स्वरूपाचा असल्यामुळे देय नाही.

ही ओळ कोठून येते ते समजून घेतले पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यांतील एका अपवादानुसार सौंदर्यवर्धक वा प्लास्टिक शस्त्रक्रिया आणि रूप बदलण्यासाठी केलेला उपचार यांचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना यातून वगळली आहे. तसेच रुग्णाच्या आरोग्यास असलेला ‘प्रत्यक्ष आणि तात्काळ’ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसे प्रमाणपत्र दिल्यास, वगळला आहे. वाचकांनी ‘तात्काळ’ या शब्दावर बोट ठेवावे. नऊ वर्षे दर महिन्याला ठणकणारी गाठ तात्काळ नसते. ती नित्याची असते. जे दुखणे बाईने सोसले, ते तिने सोसले याच कारणाने अपात्र ठरते. आणि या अपवादातून निसटलीच, तर दुसरा दरवाजा आहे. जन्मजात व्यंगाचे विमाव्यवहारात दोन प्रकार मानले जातात, शरीराच्या दर्शनी भागातील ते बाह्य आणि आतील ते अंतर्गत. आणि बाह्य व्यंगाचा खर्च नाकारणाऱ्या पॉलिसी थोड्या नाहीत. मग काख बाह्य की अंतर्गत? बाईने सारे आयुष्य जी जागा जगापासून झाकली, ती कंपनीच्या कागदावर ‘दर्शनी’ ठरू शकते.

हा शब्दच्छल एकट्या विमा कंपन्यांचा नाही. ‘काखेतील जाडी एका दिवसात काढा, बिनबाह्यांचे कपडे निश्चिंत घाला’ अशा अर्थाच्या जाहिराती शहरांतील खाजगी रुग्णालये करीत असतात. ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांना हीच शस्त्रक्रिया सौंदर्य म्हणून विकली जाते, कारण सौंदर्याला दर लावण्यास मर्यादा नाही. आणि ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांना तीच शस्त्रक्रिया सौंदर्य म्हणूनच नाकारली जाते. एकच शब्द, एकीकडे विक्रीचा आणि दुसरीकडे नकाराचा. गाठ तीच, सुरी तीच, शल्यविशारदही कदाचित तोच. फरक पडतो तो पैसे कोण देणार या एकाच गोष्टीने. स्त्रीच्या शरीराची गरज कोणती आणि हौस कोणती, हे तिचे शरीर ठरवीत नाही, तिची तपासणी करणारा डॉक्टरही शेवटी ठरवीत नाही. ते पैसे देणारा ठरवितो. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी बीडकडे पाहावे. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा पडतो, खाड्याला दंड बसतो, आणि उपचाराचा खर्च उचलीत भागतो; तेथे एक संपूर्ण अवयव काढण्यास कोणी ‘तात्काळ धोका’ विचारला नाही. तेथे मुकादमाची सोय होती आणि खाजगी दवाखान्याची कमाई होती. काखेतील गाठीत मुकादमाची सोय नाही, म्हणून तिच्यासाठी बाईने प्रमाणपत्रे गोळा करावयाची. शस्त्रक्रिया नको तेथे होते आणि हवी तेथे होत नाही, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. त्या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते बाहेरच्यांइतकेच आपल्या माणसांकडूनही येतात. पहिला आक्षेप अग्रक्रमाचा. ज्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तेथे हे दुखणे घेऊन बसावयाचे काय? याचे उत्तर असे की, अशा बहुसंख्य स्त्रियांना शस्त्रक्रियेची गरजच नसते. त्रास नसेल तर ही ऊती जन्मभर जशीच्या तशी राहू द्यावी, असेच शास्त्र सांगते. गरज असते ती एका तपासणीची, एका सोनोग्राफीची, आणि ‘घाबरू नको, हे जन्माचे आहे’ या चार शब्दांची. हे न दिल्यामुळे जे झाले त्याची बेरीज करा: सहा महिन्यांची अनावश्यक औषधे, एक निरर्थक छेद, पंधरा दिवसांची मजुरी, नऊ वर्षांची भीती. अज्ञान स्वस्त नसते. त्याचे बिल फक्त सरकारऐवजी बाईच्या नावाने फाटते. शिवाय अग्रक्रमाचा हा युक्तिवाद रक्तक्षयावर तरी कोठे खर्च करतो? एका उपेक्षित दुखण्याला दुसऱ्या उपेक्षित दुखण्याचे नाव सांगून परत पाठवावयाचे, ही उपेक्षेची जुनी रीत आहे.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. “हा बायकांचा आपसातला विषय, चळवळीच्या व्यासपीठावर कशाला?” पाळणाघराचा प्रश्नही एके काळी बायकांचा आपसातला होता, आणि कारखान्यातील शौचालयाचाही. ते व्यासपीठावर आले तेव्हाच कायद्यात आले. जी गोष्ट कामाच्या तासात दुखते, जिच्यामुळे रोज बुडतो आणि जिचा खर्च नाकारला जातो, ती खाजगी राहिलेली नाही.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो आपल्या साधेपणाच्या अभिमानातून येतो. समजा एखाद्या मुलीला दुखत नाही, काचत नाही. तिला केवळ ते दिसणे नको आहे. तिची बाजू आपण घ्यावयाची काय? शृंगाराचा तिटकारा आपल्या परंपरेत मुरलेला आहे. परंतु ज्या समाजाने त्या मुलीला तिच्या काखेची लाज शिकविली, त्याच समाजाने तिला पुन्हा ‘नटवी’ म्हणून हिणवावे, हा न्याय नव्हे. सार्वजनिक पैशाने प्रथम वेदना आणि अडथळा दूर व्हावेत हे मान्य करू. तिच्या मनःस्तापाला मात्र खोटे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिला धीर, माहिती आणि निर्णयाचे स्वातंत्र्य द्यावे. ‘काढून टाक’ असेही तिला दरडावू नये आणि ‘राहू दे’ असेही दरडावू नये.

शस्त्रक्रियेविषयी खोटी आशा दाखविणेही चूक होईल. काखेतून हाताकडे जाणाऱ्या संवेदनेच्या नसा त्याच जागी असतात. त्यांना इजा झाली तर दंडाची आतली बाजू काही काळ किंवा कायमची बधिर होते. जखमेत पाणी साचते, व्रण राहतो, थोडी ऊती मागे राहिली तर गाठ पुन्हा जाणवते, आणि काही आठवडे हात पूर्ण वर जात नाही. केवळ चरबी असेल तेथे ती शोषून काढता येते. घट्ट ग्रंथी मात्र छेद घेऊनच काढावी लागते. कर्करोगाच्या भीतीने सरसकट काढून टाकावी असे शास्त्र सांगत नाही. या ऊतीत कर्करोग होऊ शकतो, परंतु एकूण स्तनकर्करोगांत अशांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असल्याचे नोंदविले गेले आहे. म्हणून भीती पसरवू नये, पण दुर्लक्षही करू नये. गाठ टणक आणि एका जागी रुतलेली असेल, पाळीशी संबंध न ठेवता वाढत असेल, वरची कातडी ओढली जात असेल, जखम किंवा रक्तस्राव असेल, तर त्याच आठवड्यात रुग्णालय गाठावे. काखेतील कोणतीही नवी गाठ एकदा तपासून घ्यावी, हा नियम सर्वांना लागू आहे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी व्हावयाची आहे. ती काख पाहिल्याशिवाय पुरी होत नाही. आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते काय, पडद्याआड होते काय, आणि काख तपासली जाते काय, हे महिला मंडळांनी जाऊन पाहावे व लेखी विचारावे. आशा कार्यकर्ती आणि परिचारिका यांच्या प्रशिक्षणात, प्रसूतीनंतर काखेला येणारी सूज हा एक धडा असावा. तो शिकविण्यास एक तास पुरतो.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. हा हक्क कागदावर ठेवून चालणार नाही. सोनोग्राफी करणारा डॉक्टर नसेल, सुईच्या तपासणीची सोय नसेल, तर निःशुल्क केसपेपरला अर्थ नाही. ती पदे भरण्याची मागणी आणि ही मागणी एकच आहे. लक्षणे असलेल्या स्त्रीची ही शस्त्रक्रिया शासकीय आरोग्य योजनेत निःसंदिग्ध शब्दांत नोंदलेली असावी, म्हणजे कोणत्याही कारकुनाला ‘सौंदर्य’ हा शब्द आड घालता येणार नाही.

तिसरी गोष्ट विम्याची. अपवादातील ‘प्रत्यक्ष आणि तात्काळ’ हे शब्द बदलून दीर्घकाळची वेदना आणि कामातील अडथळा यांना वैद्यकीय गरज मानावे, अशी मागणी संघटनांनी विमा नियामकाकडे लावून धरली पाहिजे. तोपर्यंत कार्यकर्त्यांनी एक साधी दक्षता घ्यावी. बाई डॉक्टरकडे पहिल्यांदा जाईल तेव्हाच केसपेपरवर दुखणे, घासणे, पुरळ, हात वर न होणे, बुडालेले दिवस, हे सारे लिहून घ्यावे, आणि उपचार आवश्यक असल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. नकार आला तर तो लेखी घ्यावा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे व नंतर विमा लोकपालाकडे न्यावा. तोंडी नकाराला दाद मागता येत नाही, हे कामगारांना शिकविण्याची गरज नाही.

चौथी गोष्ट आपल्या घरातली आहे, आणि म्हणून सर्वांत कठीण. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या दोघांचे फोटो आपल्या कार्यालयांच्या भिंतींवर असतात. त्यांच्याखाली बसून काख हा शब्द ऐकताच उठून जाणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःला पुरोगामी म्हणविताना थोडे थांबावे.

त्या बाईची शस्त्रक्रिया अखेर सरकारी रुग्णालयातच, सहा महिने थांबून, झाली. डाव्या दंडाची आतली बाजू अजून थोडी बधिर आहे. व्रण आहे. परंतु महिना उलटला तरी ठणका नाही, आणि मशिनवर बसताना कोपर अडत नाही. विमा कंपनीकडे केलेल्या तक्रारीचे उत्तर यावयाचे आहे. गेल्या शिबिरात ती पुन्हा आली होती. या वेळी अध्यक्षबाईंनी तिलाच बोलावयास सांगितले, आणि ती दहा मिनिटे बोलली: गर्भातील रेषेपासून विम्याच्या अर्जापर्यंत, कोठेही आवाज न उतरविता. कोणी हसले नाही. दाराशी उभे असलेले पुरुष तेथेच उभे राहिले. ती खाली बसल्यावर तिसऱ्या रांगेतील एक तरुण मुलगी उठली आणि म्हणाली, “ताई, मला पण आहे. कुठल्या दिवशी यायचं तुमच्याबरोबर?”

हा प्रश्न प्रत्येक तालुक्यात विचारला जाईल अशी जागा तयार करणे, आणि तो विचारला गेला की त्या मुलीबरोबर जाण्यास कोणीतरी हजर असणे, एवढे काम आपल्या हातचे आहे. त्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.